रेती कोणी उकरली

ज्याला हे सांगायला हवं होतं त्याला सांगितलं नाही. मग बाकी कोणाला सांगून काय उपयोग — असं स्वतःला समजावत मी म्हातारा झालो. बायकोला सांगितलं नाही, पोरांना नाही. मागे एकदा जबर आजारी पडलो तेव्हा वाटलं होतं, आता बोलून टाकावं. पण ताप उतरला आणि ते वाटणंही उतरलं. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलतो आहे. धीर आला म्हणून नव्हे.

आणि एक आधीच सांगून ठेवतो. मला समजून घ्यायला जाऊ नका. ‘त्या काळी असंच होतं’ असं तुमच्या तोंडावर आलं तर गिळून टाका. काळानं काही केलं नाही. मी केलं.

गोष्ट मासोळ्यांची आहे. हसू येईल तुम्हाला. सात मासोळ्या आणि घमेलंभर रेती — यात माणूस काय एवढं पाप करणार? मलाही बरीच वर्षं तसंच वाटून घ्यायचं होतं.

कामरगावात आमचं घर मोठं. वडिलांना सगळं गाव आबाजी म्हणायचं. शेती भरपूर, आणि गावातल्या हायस्कुलाच्या कमिटीचे ते अध्यक्ष. मी अमरावतीहून बी.एस्सी. होऊन आलो आणि त्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागलो — कसा लागलो ते निराळं सांगायला हवं का? मोठ्या दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती, विहिरींना पुन्हा पाणी लागलं होतं. त्या सुमारास मी अमरावतीहून एक काचेची पेटी आणली. लोखंडी चौकट, पुटीननं बसवलेल्या काचा. दोन सोनमासे आणि पाच काळ्या मोली तेलाच्या डब्यात घालून, डबा एसटीत मांडीवर धरून आणला. पेटी बैठकीत ठेवली, खिडकीखाली. तालुक्याच्या गावीसुद्धा अशी वस्तू कोणाकडे नव्हती. माणसं बघायला यायची, आणि मी बाजूला उभा राहून माशांची इंग्रजी नावं सांगायचो.

खाली घालायला नदीची रेती आणवली. दोन पाण्यांतून काढली आणि पेटीत टाकली — पुढं कमी, मागं वीतभर उंच, टेकडीसारखी. दिसायला फार छान. आठ दिवसांत पाणी असं गढूळ झालं की मासे दिसेनात. मग ते वर येऊन तोंडं उघडू लागले. मी विज्ञानाचा पदवीधर. रेती कशी धुवायची आणि किती घालायची, एवढंही मला ठाऊक नव्हतं.

त्याच वर्षी जूनमध्ये इंगळे शाळेत आले. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठे, किडकिडीत, इस्त्री केलेला एकच पांढरा सदरा रोज धुऊन घालणारे. नागपूरच्या दीक्षेनंतर बौद्ध झालेलं घर. वडील मजुरी करायचे. नेमणूक एका वर्षाची, तात्पुरती. नागपुरात शिकताना एका प्राध्यापकांच्या घरी काम करून त्यांनी शिक्षण काढलं होतं. त्या प्राध्यापकांकडे माशांच्या चार पेट्या होत्या, आणि तीन वर्षं त्यातली रेती इंगळेंनी धुतली होती. शिक्षकांच्या खोलीत मी माझ्या पेटीचं रडगाणं गात होतो तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, रेतीचा थर केवढा आहे. मी वीत दाखवली. ते म्हणाले, मी येऊन पाहू का?

मी या म्हणालो. मोठं मन म्हणून नव्हे. मला पेटी स्वच्छ करून हवी होती.

रविवारी सकाळी ते आले. पेटीपाशी उकिडवे बसले, मूठभर रेती काढून तिचा वास घेतला, आणि बाह्या वर केल्या. पुढची सगळी रेती त्यांनी अंगणात नेली. घमेल्यात थोडी थोडी घेऊन हातानं घोळायची, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा घोळायची. वीस पाणी तरी केली असतील. वरचं पाणी पिण्यासारखं नितळ दिसेस्तोवर थांबले नाहीत. मग शाळेतून आणलेल्या बाटलीतलं आम्ल चिमूटभर रेतीवर टाकून बुडबुडे येतात का ते पाहिलं, म्हणजे तिच्यात चुना नाही ना ते कळावं. परत घालताना थर दोनच बोटांचा ठेवला. मागची टेकडी मात्र जागेवर राहू दिली. तिच्यात काचेतून एक काळा पट्टा दिसत होता.

त्या पट्ट्यावर बोट ठेवून ते म्हणाले, “सर, हे रेती एकदम उकरू नका. खालची सडेल हाये. वर आली तं मासोळ्या जगनार नाई. दर हप्त्याले थोडी थोडी काढू.”

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

त्यानंतर ते दर रविवारी यायचे. रबरी नळी घेऊन पेटीतलं पाणी बादलीत ओढायचं. नळीचं तोंड रेतीत खुपसायचं नाही, बोटभर वर धरून हळूहळू गोल फिरवायचं. घाण हलकी, ती उठून नळीत जाते, रेती जड, ती खाली बसते. पाव हिश्शाहून जास्त पाणी एका वेळी बदलायचं नाही. उरलेल्या थरातून काडी अलगद फिरवायची. टेकडीतली एक ओंजळ काढायची, बस्स. दोन महिन्यांत पेटीत पाणी आहे की नाही, असं वाटण्याइतकं ते नितळ झालं. गावातली माणसं बघायला यायची तेव्हा मी सांगायचो, रेतीचं एक शास्त्र असतं. इंगळे खाली बसून नळी धरलेले असायचे.

आता ते बादलीतलं पाणी. इंगळे पहिल्याच दिवशी म्हणाले होते की हे पाणी फेकू नका, झाडांना खतासारखं लागतं. इतर दिवशी मी स्वतः थोडं पाणी काढलं की ते अंगणातल्या मोगऱ्याला आणि तुळशीला घालायचो. पण रविवारचं पाणी माय घालू द्यायची नाही. का, ते तिनं कधी बोलून दाखवलं नाही. बोलावं लागतच नव्हतं. मी ती बादली उचलून नालीत ओतायचो. इंगळेंच्या डोळ्यांदेखत. त्यांनी एकदा तुळशीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. पुढच्या रविवारी पाणी ओढून झाल्यावर त्यांनी स्वतःच बादली उचलली आणि नालीत ओतली.

मला लाज वाटली असेल, असं तुम्हाला वाटतं का? नाही वाटली. राग आला. त्यांनी ते ओळखलं, याचा राग.

आणि आता खरंच सांगतो — मी त्या माणसाचा द्वेष करत होतो. त्यांनी माझं काही बिघडवलं नव्हतं. त्यांना येत होतं, आणि मला येत नव्हतं. त्यांच्या वर्गात पोरं गप्प बसून ऐकायची, माझ्या वर्गात खिडकीबाहेर बघायची. दिवाळीनंतर हेडमास्तरांनी प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडून काढून त्यांच्याकडे दिली. म्हणाले, तुम्हाला घरची कामं असतात. मी अध्यक्षांचा मुलगा. माझ्या हातातली किल्ली त्या हातात गेलेली सगळ्या शाळेनं पाहिली. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागलो, तेही तोडून. ते रविवारी येत राहिले. मासे जगावेत एवढंच त्यांना हवं होतं, असं आज वाटतं. तेव्हा वाटायचं, हा मला हिणवायला येतो.

फेब्रुवारीत माझ्या लग्नाचं ठरत होतं. धनजचे पाहुणे रविवारी दुपारी घर बघायला यायचे होते, मुलगीही सोबत येणार होती. त्याच्या आधल्या शुक्रवारी, शाळा सुटताना, मी इंगळेंना फाटकापाशी गाठलं. म्हणालो, या रविवारी येऊ नका. पाहुणे आहेत. ते बरं म्हणाले. मग म्हणाले, बायकोला कारंज्याला दवाखान्यात दाखवायचं राहिलं आहे, तर रविवारी तिला घेऊन जातो. आमचं हे बोलणं ऐकायला तिथं तिसरं कोणी नव्हतं.

रविवारी सकाळी मी पेटीपुढं उभा राहिलो. पाणी नितळ, पुढची रेती पांढरी — आणि मागं तो काळा पट्टा. निम्म्यावर आला होता, पण होता. पाहुण्यांना आधी तोच दिसेल असं मनानं घेतलं. इंगळेंनी काय सांगितलं होतं, ते मला शब्द न शब्द आठवत होतं. आठवत होतं म्हणूनच हात जास्त शिवशिवत होता. एका सकाळीत होणारं काम हा महिनोन्‌महिने लांबवतो आहे, आमच्या बैठकीत बसायला मिळावं म्हणून — असं मी स्वतःशी म्हणालो. खुरपं घेतलं आणि टेकडी मुळापासून उकरली.

पाणी काळं झालं. सडक्या अंड्यांचा वास बैठकभर पसरला. मी घाबरून आणखी हलवलं, तांब्यानं पाणी उपसलं, विहिरीचं गार पाणी वरून ओतलं. पेटीला हवेचा पंप नव्हता. दुपारपर्यंत पाणी जरा निवळलं, आणि मासोळ्या एकेक करून आडव्या वर येऊ लागल्या. पाहुणे बैठकीत शिरले तेव्हा सहा तरंगत होत्या. एक सोनमासा तेवढा अजून कल्ले हलवत होता. मुलगी दारापाशी उभी राहून त्याच्याकडे बघत होती.

पाहुण्यांपैकी कोणीतरी म्हणालं, लक्षण बरं नाही. आबाजींचा चेहरा उतरला. माय आतून आली, पेटीत पाहिलं, आणि मला विचारलं, “कोनं हात घातला रे पान्यात?”

बघा — काय झालं, असं तिनं विचारलं नाही. कोणी हात घातला, असं विचारलं. उत्तर तिच्या प्रश्नातच शिजून तयार होतं. मला फक्त मान हलवायची होती. पण मी मान हलवून थांबलो नाही. मी म्हणालो, “सकाळी इंगळे मास्तर आले होते.”

पाच शब्द. बैठकीतल्या सगळ्यांचे खांदे एकदम सैल झाले. लक्षण गेलं, अपशकुन गेला. एक माणूस सापडला. पाहुण्यांनी चहा घेतला. लग्न ठरलं.

इथवर तुम्ही म्हणू शकाल की तोंडातून निघून गेलं. माणूस घाबरतो, निघून जातं. मी बरीच वर्षं तेवढंच आठवायचो. पण त्याच्या पुढचं ऐका.

दोन दिवसांत गावात काय काय झालं! कोणी म्हणालं, मास्तरानं तुरटी टाकली. कोणी म्हणालं, प्रयोगशाळेतलं विषारी औषध आणून टाकलं, किल्ली त्याच्याचकडे असते. अध्यक्षाच्या पोराचं लग्न मोडायला निघाला होता. मी यातलं एक अक्षर बोललो नव्हतो. एक अक्षर खोडलंही नाही. बुधवारी आबाजींनी इंगळेंना घरी बोलावलं. बैठकीत कमिटीचे दोघं होते, हेडमास्तर होते, मी होतो. पेटी रिकामी करून कोपऱ्यात सरकवली होती. इंगळेंना कोणी बसा म्हटलं नाही.

त्यांनी शांतपणे सांगितलं की रविवारी ते गावात नव्हतेच, पहाटेच्या बसनं बायकोला घेऊन कारंज्याला गेले होते. कमिटीतला एक जण म्हणाला, जायच्या आधी येऊन गेला असशील. मग इंगळे माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, हे मला सगळ्यात जास्त आठवतं. मी खरं बोलणार, याची त्यांना खात्री होती.

“आबाजी, येऊ नका म्हनून सरनंच मले सांगतलं होतं,” ते म्हणाले. “इचारा त्याईले.”

आबाजींनी माझ्याकडे पाहिलं. “काय रे? तू सांगतलं होतं?”

मला भरपूर वेळ मिळाला. कोणी माझ्यावर हात उगारला नव्हता, कोणी धमकावलं नव्हतं. खरं बोललो असतो तर काय झालं असतं? आबाजी चिडले असते. चार दिवस गाव हसलं असतं. फार तर धनजचे पाहुणे बिनसले असते. एवढंच. मी इंगळेंच्या डोळ्यांत बघत — हो, खाली मान घालून नव्हे, बघत — म्हणालो, “मी काहून सांगीन?”

त्यांना काही क्षण कळलंच नाही. मग कळलं. त्यांची नजर माझ्यावरून हटून कोपऱ्यातल्या पेटीवर गेली आणि परत माझ्यावर आली. खुरप्यानं उकरलेल्या रेतीचे काळे डाग अजून काचेला होते. रेती कोणी उकरली, कशी उकरली, ते त्यांना तिथूनच समजलं असणार. तीन वर्षं रेती धुतलेला माणूस. ते म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत. म्हणून काय झालं असतं, हेही त्यांना त्याच क्षणी समजलं असावं.

“बरं हाये सर,” एवढंच ते म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

त्या आठवड्यात घरमालकानं त्यांना खोली सोडायला सांगितली. दुसरी कोणी दिली नाही. वर्षाची मुदत संपायची वाट न बघता कमिटीनं त्यांना मोकळं केलं. कागदावर कारण लिहिलं — वर्तणूक. मास्तराच्या कागदावर तो शब्द आला म्हणजे दुसऱ्या शाळेची दारं बंद, हे मला माहीत नव्हतं का? ज्या सकाळी ते गेले, मी वर्गावर होतो. खिडकीतून बसस्टँड दिसायचा. एक ट्रंक, एक वळकटी, आणि पोटुशी बायको ट्रंकेवर बसलेली. मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो, बस निघून गेल्याचा आवाज येईपर्यंत. पोरांना वाटलं, मी काही आठवतो आहे.

प्रयोगशाळेची किल्ली मला परत मिळाली.

आबाजी तसेही त्यांना ठेवणार नव्हते, हे मी पुढं ऐकलं. कमिटीतल्या एकाचा भाचा त्या जागेवर यायचा होता. किती बरं वाटलं मला ते ऐकून! बरेच दिवस त्यावर निभावलं. पण वर्तणूक हा शब्द त्या भाच्यानं लिहायला लावला नव्हता.

माझी बायको चांगली बाई होती. घरी पाहुणे जमले, पोरं, सुना, नातवंडं आली, की ती आमच्या लग्नाची गोष्ट रंगवून सांगायची. मी घर पाह्यले आली तं पेटीत मेलेल्या मासोळ्या, असं सुरू करायची, आणि त्या मास्तरानं कसं विष कालवलं, तरी आमचं लग्न कसं मोडलं नाही, ते सगळं. सगळे हसायचे. नातवंडं विचारायची, आजोबा, तो मास्तर मग कुठं गेला? मी म्हणायचो, कोण जाणे. ही गोष्ट तिनं चाळीस वर्षं सांगितली, आणि चाळीस वर्षं मी शेजारी बसून ऐकली. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या तोंडून मी बोलत होतो. ती तशीच गेली. आता ती गोष्ट माझी सून सांगते.

एक अजून राहिलं आहे. इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं.

इंगळे गेल्यानंतर चार-पाच वर्षांनी मी परीक्षेच्या कामासाठी अकोल्याहून आमच्याकडच्या मालेगावला निघालो होतो. बस मेडशीला बंद पडली. दुसरी येईपर्यंत सगळे उतरून झाडाखाली उभे होतो. एक माणूस माझ्यासमोर येऊन थांबला. उन्हानं करपलेला, डोक्याला दुपट्टं, हातात विळा गुंडाळलेलं पोतं. सदरा मात्र पांढरा, धुतलेला. मी त्यांना आधीच पाहिलं होतं, ते रस्त्याच्या पलीकडे होते तेव्हाच.

“सर, ओळखलं का? मी इंगळे.”

त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं. काय होतं, ते मी आजवर ठरवू शकलो नाही. कदाचित त्यांना फक्त एक गोष्ट विचारायची असेल — का? आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणालो, “नाही बुवा. कोण इंगळे?”

त्यांनी पोतं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. मग म्हणाले, “राहू द्या. मले दुसरा मानूस वाटला.”

बस आली. ते माझ्यापुढच्या बाकावर बसले, दुसरी जागाच नव्हती. मालेगावपर्यंत त्यांची मान माझ्यापासून हातभर अंतरावर होती. खांद्याला हात लावून दोन शब्द बोलायला एवढा रस्ता पुरला असता. मालेगाव आलं. ते उठले, पोतं घेतलं आणि मागं न बघता उतरले.

मलाही मालेगावलाच उतरायचं होतं. मी बसून राहिलो.